एनॉक वेदरबीने मोडलेला शब्द

आमच्या हॅलर्ड्सबर्गमध्ये आता वकील नाही, कोर्ट नाही, आणि खरं सांगायचं तर भांडायलाही फारशी माणसं उरलेली नाहीत. नदीकाठची ती जुन्या कोर्टाची विटांची मोठी इमारत तेवढी उभी आहे. हल्ली तिच्यात कुणीतरी मका साठवतं. नवी पोरं विचारतात, "क्रोवेल आजी, गाव असं ओस कशानं पडलं?" मी तोंड उघडायच्या आधीच दुकानाच्या पायरीवरचा कुणीतरी म्हातारा उत्तर देतो, "वेदरबीनं विकलं." इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. माझा नवराही तेच म्हणायचा, तेव्हा बाकीच्यांना काय बोलणार? पण आता सांगून टाकते.

एनॉक वेदरबीचा बाप पिंपं बनवायचा. एनॉक नऊ वर्षांचा असताना नदीचा ताप आला आणि आईबाप एकाच आठवड्यात गेले. मागे राहिली ही दोन भावंडं. ड्रुसिला पंधरा वर्षांची. चर्चच्या लोकांनी दोघांना वेगवेगळ्या घरी ठेवायचं ठरवलं होतं. ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "याला न्यायचं असेल तर मला आधी उचलावं लागेल." कुणी उचललं नाही. आईचा माग होता, त्यावर ती बसली, आणि पुढची वीस वर्षं आमच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिनं विणलेलं कापड होतं.

एनॉकला लिहायला-वाचायला तिनंच शिकवलं. ती मागावर, तो खाली जमिनीवर पाय पसरून. मागाची फणी ठोकता ठोकता ती एकेक शब्द टाकायची आणि तो अक्षरं लावायचा. चुकला की फणी थांबायची. थांबलेल्या फणीची त्याला छडीपेक्षा जास्त भीती, असं तो पुढे जजसमोरही सांगायचा. तिला दोन स्थळं आली, दोन्ही तिनं परत पाठवली. "आधी याचं होऊ दे," म्हणायची. त्याचं झालं तेव्हा तिचं वय निघून गेलं होतं.

पलीकडच्या जिल्ह्यातल्या जज टॉमलिन्सनांकडे चार वर्षं कायद्याची पुस्तकं घोकून एनॉक वकील होऊन आला. माझं नुकतंच आसाशी लग्न झालं होतं. कोर्टासमोरची खाणावळ आसाच्या बापाची. अकरा खोल्या वर आणि खाली वीस माणसं बसतील असं लांब टेबल. कोर्टाचा आठवडा असला की जज, वकील, ज्युरी, साक्षीदार, सगळे आमच्याकडेच. आरोपीचं जेवणही आमच्याच चुलीवरून जायचं. आसा आणि एनॉक लहानपणापासून एका ताटातले. दोघांनी एकत्र मासे पकडले, एकत्र मार खाल्ला. एनॉक उंच, बारीक, हळू बोलणारा. आणि आसाचा आवाज असा, की तो अंगणात शिंकला तर नदीपलीकडची कुत्री भुंकावीत.

त्या आवाजामुळेच एनॉकचं नाव झालं. जोस्ट अम्राइन नावाचा एक नावाडी होता, परका, बोलणं तोडकंमोडकं. त्यानं शेजाऱ्याचं धान्याचं कोठार जाळलं असा आरोप होता. पुरावा एकच. नदीच्या अलीकडच्या काठावरून एका माणसानं म्हणे त्याला पलीकडे ओरडताना ऐकलं होतं, "जाळून टाकीन!" आग लागली एप्रिलात, ऐन पुरात. खटला उभा राहिला शरदात, नदी संथ असताना. एनॉकनं पुढची तारीख मागून घेतली. मग पुन्हा मागितली. त्या हिवाळ्यात त्याला जितके आजार झाले, तितके अख्ख्या गावाला झाले नसतील. एप्रिल आला, नदी फुगली, आणि एनॉक ठणठणीत बरा झाला. जज हॅस्कल आणि ज्युरीतल्या बाराही जणांना त्यानं चिखलातून काठावर नेलं. पलीकडे आसा उभा. एनॉकनं रुमाल हलवला, आसानं छाती फुगवून आरोळी ठोकली. पाण्याच्या घोंगावण्यापुढे कुणाला एक अक्षर ऐकू आलं नाही. जोस्ट सुटला. नंतर जेवताना जजनी विचारलं, "क्रोवेल, काय ओरडलात हो तुम्ही?"

आसा म्हणाला, "हॅस्कल म्हातारा बोकड आहे, असं ओरडलो, साहेब."

"कोर्टाला ऐकू आलं नाही हे तुमचं नशीब," जज म्हणाले आणि त्यांनी आणखी एक तुकडा मासा मागून घेतला.

असे दिवस होते ते.

ड्रुसिलाचं पहिल्यांदा कळलं ते मलाच. तिच्याकडे सूत द्यायला गेले होते. माग रिकामा होता, त्यावर एक धागा नव्हता, आणि ती फणी ठोकत होती. मला म्हणाली, "फीबी, हळू बोल. खाली एनॉक अक्षरं लावतोय." एनॉक तेव्हा तीस वर्षांचा, त्या घटकेला समोर कोर्टात वाद घालत होता. मी हसले. तिची थट्टा वाटली मला. पण पुढच्या जानेवारीत ती नदीच्या कमरेइतक्या गार पाण्यात उभी सापडली, आणि मग थट्टा राहिली नाही.

एनॉकनं तिला घरीच ठेवलं. खोगीरवाल्याची मुलगी दोन वर्षं त्याच्यासाठी थांबली होती. त्यानंच तिला दुसरीकडे लग्न कर म्हणून सांगितलं. पण वकिलाला जजबरोबर गावोगावच्या कोर्टांना जावं लागतं. वसंतात सहा आठवडे, शरदात सहा आठवडे. अशाच एका फेरीत तो दूर असताना ड्रुसिला शेजारच्या घरात शिरली आणि पाळण्यातलं मूल उचलून नदीकडे निघाली. मुलाला काही झालं नाही. पण त्याच संध्याकाळी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तिला गरीबखान्यात नेऊन टाकलं. आसा तावातावानं भांडला, पण त्या पोराच्या आईपुढे काय बोलणार?

एनॉक परत आला तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले. गरीबखाना म्हणजे जिल्ह्यातल्या निराधारांना ठेवायचं, गावाबाहेर दोन मैलांवरचं शेत. प्रुइट नावाचा माणूस ते चालवायचा. त्यानं आम्हाला तळघरात नेलं. एका बाजूला बटाटे आणि सलगम रचलेले. दुसऱ्या बाजूला फळ्यांच्या आड पेंढा, आणि पेंढ्यावर ड्रुसिला. घोट्याला साखळी. केस कापलेले.

"आग लावीन म्हणते सारखी," प्रुइट म्हणाला. "मी तरी काय करू, वकीलसाहेब? वर म्हातारेकोतारे आहेत. दोन बायका अंथरुणाला खिळलेल्या आहेत."

मला वाटलं, आता एनॉक त्याचा गळा धरतो. पण तो पेंढ्यावर बसला. ड्रुसिलानं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी नेहमीच्या सुरात म्हणाली, "नबुखद्नेस्सर."

बायबलातल्या त्या राजाचं नाव. लहानपणी तो नेहमी त्यावर अडायचा. एनॉकनं तिचा साखळीचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर लावत गेला, शेवटपर्यंत.

"चूक," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

त्यानं तिला घरी आणलं. टटलबाई नावाच्या एका विधवेला तिच्याजवळ राहायला ठेवलं. सात महिने बरे गेले. मग एके दुपारी टटलबाईचा डोळा लागला आणि ड्रुसिलानं पडद्याला निखारा लावला. घर गेलं, माग गेला, आणि तिला बाहेर ओढून काढताना टटलबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या हातांनी बिचारीला पुढे कधी सुई धरता आली नाही.

यावेळी प्रकरण कोर्टात आलं. मी मागच्या बाकावर होते. जज हॅस्कलनी चश्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसले. "एनॉक," ते म्हणाले, भर कोर्टात त्यांनी त्याला नावानं हाक मारली, "मला दुसरी जागा सांग, मी तिला तिथे पाठवतो. या राज्यात दुसरी जागा आहे का?"

"नाही, साहेब," एनॉक म्हणाला.

"मग मी काय करू?"

"कायदा सांगतो तेच करा."

ती पुन्हा त्या तळघरात गेली. एनॉक दर रविवारी स्वच्छ पेंढा आणि गोधड्या घेऊन जायचा. आणि त्याच वर्षी त्यानं विधानसभेला उभं राहायचं ठरवलं. पूर्वेकडच्या राज्यांत वेड्यांसाठी इस्पितळं झाली होती. खिडक्या, बिछाने, डॉक्टर असलेली. तसं एक त्याला आमच्या राज्यात हवं होतं. पण असल्या गोष्टीवर कुणी मतं देतं का? गावाला हवं होतं ते वेगळंच. वर माळावर न्यू गोशेन नावाचं नवं गाव वाढत होतं, आणि जिल्ह्याचं ठाणं, म्हणजे जिल्ह्याचा सगळा कारभार, नदीकाठावरून आपल्याकडे न्यायची त्यांची खटपट चालली होती. ठाणं गेलं की कोर्ट जातं, कोर्ट गेलं की गावात राहतं काय?

निवडणुकीच्या सभेत आसा पिंपावर चढला. "हा माणूस," तो गरजला, "आपल्यात जन्मला, आपल्यात वाढला. हा आपलं कोर्ट हलू देणार नाही! काय रे एनॉक?"

एनॉकनं कोर्टाच्या भिंतीवर हात ठेवला. "मी विधानसभेत आहे तोवर," तो म्हणाला, "या कोर्टाची एक वीट हलणार नाही."

टोप्या उडाल्या. आसानं त्याला खांद्यावर घेऊन चौकाला फेरी मारली. मी खिडकीतून पाहत होते. एनॉक हसत नव्हता. मला वाटलं, उंचीला घाबरला असेल.

तो निवडून आला, दोनदा. ठाणं हलवायचा ठराव दोन्ही वेळा त्यानं हाणून पाडला. आणि त्याचं इस्पितळाचं विधेयक दोन्ही वेळा पडलं. त्याचं भाषण वर्तमानपत्रात छापून आलं होतं. सलगमांशेजारच्या पेंढ्याचं, साखळीचं, सगळं होतं त्यात. बहिणीचं नाव नव्हतं. दुसऱ्या खेपेला विधेयक दोन मतांनी पडलं. दोनच.

१८४७चा जानेवारी. तसली थंडी मी पुन्हा पाहिली नाही. नदी काठापासून काठापर्यंत गोठली. प्रुइटच्या तळघरात ड्रुसिलानं गोधड्या फाडून त्यांच्या दोऱ्या वळल्या आणि पायांवर पांघरायला काही ठेवलं नाही. डॉक्टरांनी तिच्या डाव्या पायाची थंडीनं काळी पडलेली चार बोटं कापली, उजव्याची दोन. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं.  

विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनाला गेलेला एनॉक निरोप मिळताच राजधानीहून आला. तळघरात जाऊन आला आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी त्याच्यापुढे गरम घावन आणि कॉफी ठेवली. त्यानं हात लावला नाही.

"फीबी," तो म्हणाला, "माणूस कशाकशाशिवाय जगू शकतो?"

मला वाटलं, बोटांचं म्हणतोय. "डॉक्टर म्हणाले, चालता येईल तिला हळूहळू. बोटांशिवाय जगता येतं."

"बोटांचं नाही म्हणत मी."

तव्यावरचं घावन करपत होतं, म्हणून मी पाठ वळवली. परत वळले तेव्हा तो कोट घालत होता. आसा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "एनॉक, थांब, एक डाव टाकू पत्त्यांचा!" एनॉक दारात थांबला. आसाकडे त्यानं पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाला, "पुन्हा कधीतरी."

तीन आठवड्यांनी टपालाच्या गाडीनं वर्तमानपत्र आलं. आसा टेबलाशी उभा राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा, तसा वाचायला लागला. वेड्यांचं इस्पितळ बांधायचं विधेयक मंजूर. "शाब्बास!" तो म्हणाला. "केलं पठ्ठ्यानं शेवटी!" मग पुढची ओळ. त्याच दिवशी जिल्ह्याचं ठाणं न्यू गोशेनला हलवण्याचा ठरावही मंजूर. ठरावाच्या बाजूनं बोलणारे... आसाचा आवाज तिथे बंद पडला. पुढचं नाव होतं एनॉकचं.

न्यू गोशेनचा ब्रॉडहेड नावाचा आमदार होता. त्याच्या मुठीत तीन मतं होती. एनॉकला दोन कमी पडत होती; ठाण्याच्या बदल्यात ती मिळाली. बस, एवढंच.

मार्चमध्ये एनॉक परतला तो सरळ आमच्याकडे आला. लपूनछपून नाही, भर दुपारी, टेबल भरलेलं असताना. लोक ताटावरून उठले आणि एकेक करून बाहेर गेले. खोगीरवाला जाताना त्याच्या बुटांवर थुंकला. राहिलो आम्ही तिघं.

"खोटं छापलंय म्हण," आसा म्हणाला.

"खरं आहे."

"मी पिंपावर चढलो होतो, एनॉक. माझ्या तोंडानं शब्द दिला मी लोकांना."

"माझ्याही."

"मला एकदा विचारायचं होतंस!"

"तू नाही म्हणाला असतास."

 आसा खोटं बोलायचा नाही. "हो," तो म्हणाला, "नाही म्हणालो असतो. एका बाईसाठी अख्खं गाव? नाहीच म्हणालो असतो."

"म्हणून विचारलं नाही," एनॉक म्हणाला. "विचारून मग केलं असतं तर ते आणखी वाईट झालं असतं."

"या टेबलाशी पुन्हा बसू नकोस," आसा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की मी वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय म्हणून.

मी तेव्हा काही बोलले नाही. ड्रुसिलाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले नाही. माझीही खाणावळ होती ती. माझाही राग होता.

मग गाव हळूहळू मेलं. आधी छापखाना गेला, मग वकील, मग त्यांच्यामागे खोगीरवाला, शिंपी, सोनार. कोर्टाचे कागद सतरा बैलगाड्यांतून गेले. आमच्या अकरा खोल्यांपैकी आठांना मी कायमची कुलुपं घातली. आसा रोज सकाळी उठून टेबल पुसायचा, वीसच्या वीस जागा. मी म्हणायचे, "कशाला रे?" तो फडकं पिळून पुढच्या जागेकडे सरकायचा.

सगळे वकील न्यू गोशेनला गेले. एनॉक गेला नाही. ते मला कधी कळलं नाही. तिकडे त्याला घर मिळालं असतं, पक्षकार मिळाले असते. पण जळक्या घराच्या जागी त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथेच राहिला, आणि कोर्ट असलं की घोड्यावरून अकरा मैल जायचा, अकरा मैल परत यायचा. रस्त्यात भेटलं की लोक तोंड फिरवायचे. तो टोपी उचलायचा. समोरच्यानं पाहो न पाहो, उचलायचाच. पुढच्या निवडणुकीत तो उभा राहिला आणि त्याला आमच्या गावात सहा मतं पडली. त्यातलं एक जोस्ट अम्राइनचं. न्यू गोशेननंही त्याला मत दिलं नाही. आपल्या गावाला दगा देणारा आपल्याला काय देणार, असं ते म्हणायचे. त्यांचंही चूक नव्हतं.

इस्पितळ बांधायला तीन वर्षं लागली. तोवर ड्रुसिला तळघरातच होती. ती तिथे मरेल, असं मला दर हिवाळ्यात वाटायचं. नाही मेली. १८५०च्या वसंतात एनॉकनं तिला गाडीत घातलं. मी डबा करून दिला, मक्याचा पाव आणि सफरचंदाचा मुरंबा. आसाला न सांगता दिला. त्याच्या गाडीपर्यंत मी पहिल्यांदाच चालत गेले तीन वर्षांत. ड्रुसिला मला म्हणाली, "हे मला कुठे नेतायत?" मी म्हटलं, "चांगल्या जागी." ती म्हणाली, "तिथे सलगम असतील का?" तिला त्या बटाट्या-सलगमांचीच सोबत झाली होती.

आणि जागा चांगली होती, बरं का. हे मी मुद्दाम सांगते. मी पाहिली आहे. मोठ्या खिडक्या, चुन्यानं रंगवलेल्या भिंती, परसात सफरचंदाची झाडं. डॉक्टरांनी तिला मागावर बसवलं. सहा महिन्यांत ती शांत झाली. वर्षभरात नीट बोलायला लागली. हवापाण्याचं, शेजारणींचं, जेवणाचं, सगळं शहाण्यासारखं. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात अशी रुतून बसली, की कुणाला उपटता आली नाही. तिचा भाऊ लहानपणी नदीच्या तापात गेला. आईबापांबरोबर. नऊ वर्षांचा होता.

एनॉक दर महिन्याला जायचा. ती त्याला खुर्ची द्यायची, त्याची विचारपूस करायची. एकदा म्हणाली, "तुम्ही फार भले गृहस्थ आहात. इतक्या लांबून येता. माझा भाऊ जगला असता तर तुमच्याएवढा झाला असता."

डॉक्टरांनी त्याला सुचवलं, की तिला हळूहळू खरं सांगून बघा. तो म्हणाला, "नको. नऊ वर्षांच्या पोरानं तिला कधी तळघरात सोडलं नव्हतं."

हे सगळं मला नंतर कळलं. कळलं ते आसा अंथरुणाला खिळला त्या शरदात.

आसाच्या पायांवर सूज आली, मग पोटावर, मग श्वास पुरेना. आमची लेक ऑर्फा लग्न होऊन पार पश्चिमेला गेलेली. खाणावळ आणि जमीन माझ्या नावावर करून टाकायची आसाला घाई झाली. मृत्युपत्र करायचं म्हणजे वकील हवा.

"न्यू गोशेनहून बोलावू का कुणाला?" मी विचारलं.

"त्या गावचा माणूस माझ्या उंबऱ्यात? मेलो तरी चालेल!"

"मग गावात एकच वकील आहे, आसा."

तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बोलाव त्याला. काम झालं की जाऊ दे."

एनॉक आला. दहा वर्षांनी आला तो आमच्या घरात. केस पांढरे झाले होते. पलंगाशी खुर्ची ओढून त्यानं कागद मांडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"मी, आसा क्रोवेल, पूर्ण शुद्धीत आहे, असं लिही."

"लिहिलंय."

"सगळं फीबीला."

"लिहिलं."

"आणि हे लिही, की हा कागद लिहिणाऱ्याला मी माफ केलेलं नाही."

एनॉकनं लेखणी थांबवली. "ते यात घालू नये, आसा."

"का? कायद्यात बसत नाही?"

"बसेल. पण उद्या कुणी आडवा आला तर म्हणेल, लिहिणाऱ्याचं आणि मरणाऱ्याचं वैर होतं. कोर्ट फीबीला त्रास देईल."

"कुठलं कोर्ट?"

"न्यू गोशेनचं."

आसाला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता तो निळा पडला. एनॉकनं त्याला पाठीला धरून बसतं केलं. लहानपणी नदीत बुडताना धरलं असेल, तसं. श्वास जागेवर आल्यावर आसानं त्याचा हात झटकला नाही. तसाच टेकून बसला. मग म्हणाला, "ड्रुसिला कशी आहे?"

दहा वर्षांत हे नाव त्यानं पहिल्यांदा उच्चारलं.

"बरी आहे. मागावर बसते."

"ओळखते तुला?"

एनॉकनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं ते सांगितलं, भावाचं, नऊ वर्षांच्या पोराचं. अगदी कोरड्या आवाजात, जसं साक्षीदाराचं म्हणणं वाचून दाखवावं. मी दाराशी उभी होते. मला रुमाल सापडेना, बाहीनंच डोळे पुसले.

"म्हणजे एवढं सगळं करून..." आसा म्हणाला.

"हो."

"पायाची बोटं दुखतात तिची?"

"थंडीत दुखतात."

आसानं गोधडी छातीपर्यंत ओढून घेतली. "माफ नाही केलेलं मी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आपण विकले गेलो. हा चौक बघ. बघवत नाही."

"मी रोज बघतो, आसा."

"हां. ते मी पाहिलंय. रोज बघतोस." मग त्यानं डोळे मिटले. "जेवून जा," म्हणाला. "फीबी, याला वाढ."

मी त्याला त्या लांब टेबलाशी बसवलं. खारवलेलं डुकराचं मांस होतं, घेवडा होता. वीस जागांच्या टेबलाशी एकटा बसून त्यानं सगळं खाल्लं, सावकाश. जाताना माझ्या हातावर हात ठेवला. आसा चौथ्या दिवशी गेला. एनॉकनं पुढे होऊन खांदा दिला आणि कुणी त्याला अडवलं नाही. एवढंच. ते पुन्हा मित्र झाले, असं मी म्हणणार नाही. मी तसं म्हटलेलं आसाला चाललं नसतं, कारण ते खोटं झालं असतं.

एनॉक त्यानंतर तीन वर्षं जगला. फेब्रुवारीत न्यू गोशेनच्या कोर्टातून परतताना गारांच्या पावसात सापडला, छातीत थंडी भरली, आणि आठवड्यात आटोपलं. पुरायला आम्ही नऊ जण होतो. जोस्ट अम्राइन आपल्या दोन मोठ्या लेकांना घेऊन आला होता. हात भाजलेली टटलबाई आली होती. मला तिचं नवल वाटलं.

पुढच्या महिन्यात मी इस्पितळात गेले. कुणीतरी सांगायला हवं होतं. आगगाडी आता तिथपर्यंत जात होती. ड्रुसिला खिडकीशी मागावर बसली होती, केस पांढरेशुभ्र, हात तितकेच चपळ. मला तिनं लगेच ओळखलं. "फीबी! बस ना. आसा कसा आहे?"

आसाचं सांगितलं. ती हळहळली, त्याच्या आवाजाची आठवण काढून थोडी हसलीही. मग म्हणाली, "अगं, इथे एक गृहस्थ यायचे महिन्याच्या महिन्याला. तुमच्याच गावचे. या खेपेला आले नाहीत."

"ते गेले, ड्रुसिला. फेब्रुवारीत."

तिचे हात थांबले. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "अरेरे," ती म्हणाली. "फार एकटे वाटायचे मला. कुणी होतं का गं त्यांचं?"

"एक बहीण होती."

"मग तिला कळवलंत का?"

मी तिचा हात हातात घेतला.

"हो," मी म्हणाले. "कळवलं."